पंचमीचा नेम

पंचमीला माहेरी आलेली राजाबाई धाकट्या भावासाठी, कारभारीसाठी, आदल्या दिवसापर्यंत पिशवी शिवत होती, डोंगर चढताना पाठीवर घ्यायची. छावणीच्या बाजारातलं पॅराशूटचं कापड, अख्खी पिशवी मुठीत मावेल इतकं हलकं. एक पट्टा तेवढा राहिला होता.

"टाचून दे की, आक्का. कुठं नाग बसलाय त्या पिशवीत?"

"आज नाय, कारभारी. पंचमीला कापायचं नाय, टोचायचं नाय. जिवाला इजा व्हती. तुझ्यासाठीच तर पाळते हा नेम."

तो हसत बाहेर पडला. दिवेलागणीला विद्यापीठाचं नामांतर मागणाऱ्यांची वस्ती जळताना दिसली, आणि कारभारी रॉकेलचे हात धुवायला परसात आला.



"तुझा नेम मोडला नाय बरं, आक्का. कुणाला कापलं नाय, टोचलं नाय. नुसत्या भाईरून कड्या घातल्या अन् पेटवून दिलं."