उंबऱ्याबाहेर

"या टायमाला खोलीला बाहेरून कुलूप लावा, बाई," उज्वला खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाली आणि पिशवीतून आणलेलं कुलूप तिनं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. खानावळीच्या कोठीचं होतं ते, चांगलं मुठीएवढं.

शेजारी तिचा नवरा भागवत मान खाली घालून बसला होता. लातूरच्या या व्यसनमुक्ती केंद्रातून तो दोनदा पळाला होता. दोन्ही वेळा जवळच्या मैदानावर झोपलेला सापडला. पिऊनच पडला असणार, हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं की कुणी त्याचं तोंड हुंगायची तसदीही घेतली नाही. आता उज्वलानं हात टेकले होते. या वेळी पळाला, तर लेकीला घेऊन देवणीला भावाकडे कायमचं निघून जायचं, हे तिनं ठरवलं होतं आणि त्याला सांगितलंही होतं. ती नुसत्या धमक्या देणारी बाई नव्हती.

तसा माणूस सोन्यासारखा. किल्लारीच्या भूकंपात आई, बाप, धाकटी बहीण गेली. हा एकटा वाचला. रात्री शेतात होता म्हणून, असं लग्न ठरवताना सांगितलं होतं. उज्वला नांदायला आली तेव्हा तो पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता आणि सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हता. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन राहिली आणि त्यांना जेवू घालणारी माणसं हवी झाली. दोघांनी एका होस्टेलच्या तळमजल्यावर खानावळ घातली, मागच्या खोलीत संसार मांडला. डोक्यावर तीन मजले आणि त्यात गच्च भरलेली पोरं. खानावळ चालू लागली आणि भागवतची बाटलीही. "लातूरचं पाणी लागलं," नातेवाईक म्हणाले. लातूरला मुळात पाणी येतं कधी, हा प्रश्न वेगळा.

उज्वलाचा नियम एकच होता. पिऊन आलात, तर घरात पाय ठेवायचा न्हाई. पडा बाहेर. अंगणात टाकीपाशी एक गोधडी फेकून ती दाराला आतून कडी घालायची. सकाळी तो ताजातवाना उठून मंडईत भाजी आणायला जायचा. शिक्षा इतक्या मुकाट्यानं भोगणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता.

डॉक्टर सालेहा केंद्रात नवीनच आल्या होत्या. त्यांनी कुलूप बाजूला सरकवलं.

"भागवतराव, इथून पळालात ते कुठं गेलात?"

"गुत्त्यावर. आणिक कुठं जाणार?" उज्वला म्हणाली.

"त्यांना बोलू द्या."

"मैदानावर," भागवत म्हणाला.

"पिऊन?"

"न्हाई. तिथं काय प्यायची गरज?"

उज्वला काही बोलणार होती, पण डॉक्टरांनी हातानंच थांबवलं. "मग खोलीत काय त्रास होता?"

भागवतनं पहिल्यांदाच मान वर केली, ती थेट छताकडे. "डोळा लागला की स्लॅब खाली येतोय, बाई."

"हे आधी सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई. समदे दारूचंच इचारतेत."

"बरं, दारूचंच विचारते. पहिल्यांदा कधी घेतली?"

उज्वलाला उत्तर पाठ होतं. लातुरात आल्यावर. पण भागवत म्हणाला, "भूकंपाच्या राती."

तिनं गर्रकन वळून पाहिलं.

"गणपती बुडवून आल्तो. पोरांनी पाजली, पयल्यांदाच. बापाला वास आला. म्हणला, पिऊन आलास, घरात पाय ठेवायचा न्हाई. पड बाहेर. मी खळ्यावर जाऊन पडलो." "पहाटं घरच ऱ्हायलं न्हाई. प्यालो म्हणून वाचलो, बाई. नसतो प्यालो तर मीबी आत असतो."

उज्वलाचेच शब्द होते ते. इतकी वर्षं रोज संध्याकाळी ती त्याला तेच ऐकवत आली होती.

"ही लई भली हाय," तिच्याकडे न बघता भागवत म्हणाला. "पिऊन आलो की बाहेर काढती. बाहेर झोप लागती. शुद्धीत आलो की आत झोपावं लागतंय."

"मग तसं सांगायचं की मला!"

"गडी माणूस मी. वरची पोरं बघतेत. छताचं भ्या वाटतंय म्हणून कसं सांगू?"

उज्वलाला रडू आलं आणि त्याचा रागही आला. सगळ्यात जास्त राग तिला स्वतःच्या त्या कडीचा आला.

"चूक आमचीही झाली," डॉक्टर सालेहा म्हणाल्या. "आम्ही नुसती दारू काढत होतो, भीती तशीच आत ठेवून. आता दोन्हींवर एकदमच उपचार करायचे. दारू सुटताना अंगाला त्रास होईल, त्याला औषधं देऊ. आणि त्या रात्रीबद्दल बोलायचं, रोज थोडं थोडं. तोवर तुमची खाट पडवीत, पत्र्याखाली. एक दिवस स्लॅबखालीही झोपाल, पण त्याची घाई नाही. थांबाल ना?"

"पत्र्याखाली का? मग कशाला पळू?"

उज्वलानं कुलूप उचलून परत पिशवीत टाकलं आणि ती उठली. दारापर्यंत गेली तेव्हा मागून भागवतनं हळूच विचारलं, "देवणीला जाशील का?"

ती थांबली. पदरानं डोळे पुसले.

"तुमी न पिता घरी या," ती म्हणाली. "मी रोज बाहेर काढीन."