खोदकामास मनाई

“म्हणजे धूर गाडनार आमच्या वावरात?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

नंदकिशोरनं घाम पुसला. तो यवतमाळच्या ऑफिसातला माणूस. आइसलँडहून आलेल्या हेल्गाबाईंचं इंग्रजी घाटंजी तालुक्याला समजेल असं करून सांगणं त्याच्या वाट्याला आलं होतं.

“धूर नाही काकू, त्यातला कार्बन वायू. विजेच्या कारखान्यातून आणायचा, पाण्यात मिसळायचा, सोडा-वॉटरसारखा. मग बोअरमधून खाली काळ्या खडकात सोडायचा. तिथं त्याचा दगड होतो. यांच्या देशात झालाय. इथं जमलं तर पुढं केनियात.”

“अन् वर आला तर?”

हेल्गाबाई हसल्या. हा प्रश्न त्यांना जातील तिथं लोक विचारत.

“दगड झालेला वर येत नाही,” नंदकिशोरनं सांगितलं.

“कोनी खोदून काढला तर?”

“खोदताच येणार नाही. करारात तसं आहे, दोन्ही सरकारांच्या सह्यांनिशी. तुमच्यामागंही कोणी कुदळ मारू शकत नाही.”

सत्यभामाबाईंनी बशीत चहा ओतला आणि निवल्यावर सावकाश प्यायला.

गावाला वाटत होतं, त्या नाहीच म्हणणार. क्रशरवाल्याची गिट्टीची खदान त्यांच्या वावराच्या बांधाला, धुऱ्याला येऊन टेकली होती. सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजत. शेजारच्यांनी वावरं दिली, बाईंनी दिलं नाही. नवऱ्याची आठवण म्हणून ठेवलंय, असं लोक म्हणत. किसनराव ढाणकीच्या बाजाराला जातो म्हणून गेले, ते आलेच नाहीत. मुलगी अर्पिता तेव्हा लहान होती. बाई अजून रोज रुपयाएवढं कुंकू लावत.

“काहून लावता वं आता?” बायका विचारत.

“ते येतीन तवा कपाळ उघडं दिसावं काय?”

दुसऱ्या दिवशी हेल्गाबाईंनी वावरात कडुनिंबाच्या सावलीत बोअरची झेंडी रोवली. सत्यभामाबाईंनी ती उपटली.

“इथं नाही. ते दुपारचे इथं झोपत. झोपेतून उठवलेलं त्यायले खपत नव्हतं.”

नंदकिशोरनं ते इंग्रजीत सांगितलं. हेल्गाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी झेंडी पार पलीकडच्या धुऱ्यावर न्यायला लावली. अर्पितानं ती डाव्या हातानं नेली. तिचा उजवा कोपर सरळ होत नसे. लहानपणी, किसनराव गेले त्याच दिवसांत, झाडावरून पडली, असं बाई सांगत.

ग्रामसभेत बाईंनी सही केली. सरपंच लालसिंगनं कपाळाला हात लावला.

“काकू, क्रशरवाल्याले नाही म्हटलं, अन् गोऱ्या बाईले हो?”

“तो खोदून काढते, हे आत भरून राह्यले. मले भरनारं बरं वाटते.”

“लय वर्सं रडवलं तुम्ही त्याले.”

“मी हाये तोवर रडवलं. माह्यामागं पोरीले थोडीच सोडते तो? आता ये म्हना, कुदळ घेऊन.”

सभा हसली. क्रशरवाल्याचा मुनीम उठून गेला.

बोअर झाला. वावराला तारेचं कुंपण पडलं, फाटकाजवळ बोर्ड लागला. निघताना हेल्गाबाईंनी बाईंचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाल्या.

“तुमचे यजमान लवकर परत येवोत, म्हणतात,” नंदकिशोर म्हणाला.

“बाईले म्हनाव, चहा नाही घेतला आज.”

गाडी गेली. धूळ खाली बसली. बाई बोर्डासमोर उभ्या राहिल्या. चष्मा घरी राहिला होता.

“वाच वं पोरी.”

अर्पितानं वाचलं, “या क्षेत्रात कोणत्याही प्रकारच्या खोदकामास कायमची मनाई आहे.”

“कायमची?”

“हो आई. कायमची.”

सत्यभामाबाई कडुनिंबापर्यंत चालत गेल्या. पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि कपाळावरचं कुंकू नीट, सावकाश पुसून काढलं.

“घ्या,” त्या झाडाच्या बुडाशी पाहत म्हणाल्या, “आता कोनी नाही उठवत तुम्हाले.”