गोड नसलेला घास

दिगंबररावांनी इन्सुलिन टोचून घेतलं आणि जेवायचं राहूनच गेलं. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. कुमुदिनीबाईंनी घाईघाईने नवऱ्याला सरबत पाजलं, केळं कुस्करून भरवलं. काहीच फरक पडेना. रुग्णवाहिका अर्ध्या तासावर होती.

त्या शेजारी धावल्या. "साखर आहे का हो, चमचाभर?"

"साखर? ती आता कोण ठेवतं, बाई?"

गावातला ऊस जाऊन बारा वर्षं झाली होती. मधुमेह हटावा म्हणून साखरेच्या जागी मधुपर्णी या वनस्पतीचा गोडवा सरबतातच काय, केळ्याच्या वाणातही उतरवला होता. तो जिभेला कळायचा, रक्ताला नाही.

कुमुदिनीबाईंनी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. परत येऊन त्यांनी पातेल्यातला भात तोंडात घेतला आणि चावत राहिल्या. हळूहळू पिष्टाची साखर होऊ लागली, मंद गोडी जाणवली. तो घास त्यांनी नवऱ्याच्या ओठांत घातला.

"गोड नाही," ते पुटपुटले.

"नसू दे. गिळा."

त्यांचा हात घट्ट धरून त्या घासामागून घास चावून भरवत राहिल्या. पाव तासाने दिगंबररावांची नजर स्थिर झाली.

"कुमुद, हात सोड. दुखतोय."

कुमुदिनीबाईंनी तो सोडला नाही.