महागातलं तेल

"वहिनी, या म्हाताऱ्या स्कूटरला काजू-बदाम कशाला?" महागातल्या ऑइलचा डबा हातात घेऊन मेकॅनिक हसला. "साधंच घालू. हे दुप्पट महाग, आणि अ‍ॅव्हरेज काही वाढायचं नाही. आवाज तेवढा कमी होईल."

"किती कमी?" नेत्राने विचारलं.

"दारात आली तरी कळायचं नाही."

नवरा गेल्यापासून त्याची ही स्कूटर ती ऑफिसला नेत होती. रोज संध्याकाळी फाटकाशी ती ओळखीची फटफट ऐकू आली, की तीन वर्षांची शर्वरी "बाबा!" असं ओरडत दाराकडे धावायची, आणि हेल्मेटमधून आईचा चेहरा निघाला की तिथंच थबकायची. रडायची नाही. त्या न रडण्याचाच नेत्राने धसका घेतला होता.

"महागातलंच घाला," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी स्कूटर अलगद फाटकातून आत आली. दाराकडे कुणी धावलं नाही. शर्वरी आत ठोकळे रचण्यात गुंग होती. आईला बघून छान हसली. नेत्राच्या जिवात जीव आला.

सासूबाई मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. "आज गाडी नेली नव्हतीस का गं?"

"नेली होती की, आई. ऑइल बदललं, आता आवाज येत नाही."

"असं होय." त्यांनी खिडकी ओढून घेतली. "पोरीच्या दृष्टीनं बरंच झालं. मला आपलं दिवसातून तेवढं एकदा वाटायचं, तो आला म्हणून."