पलंग असेल तिथे
रस्ता चौपदरी करण्याआधी त्याचा आजचा आवाज मोजावा लागतो आणि तो कुठे मोजायचा, हे मी ठरवते. टाउनोआजोबांचं घर पाहून झालं, तेव्हा ठेकेदाराचा माणूस पेत्तेरी मायक्रोफोनची तिवई उचलून थेट मागच्या अंगणात निघाला. “नियम सोपा आहे. माणूस झोपतो त्या खिडकीबाहेर मायक्रोफोन. आजोबा झोपतात मागच्या सौनात, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या पुढच्या खोलीत. तिथे तर पाखरं ऐकू येतात! आवाज अडवणारी भिंत हवीय कशाला?” रस्त्याकडची झोपायची खोली रिकामी होती. भिंतीवर पलंग टेकून टेकून पडलेला पट्टा तेवढा होता. “सौनात कधीपासून झोपता, आजोबा?” मी विचारलं. “ट्रक वाढले तेव्हापासून.” मी तिवई पेत्तेरीच्या हातातून काढून घेतली. “आवाजाने त्यांना खोलीतून हुसकावलं आणि तू म्हणतोस, आवाज नाहीच?” “मी नाही, नियम म्हणतो. पलंग असेल तिथे मोजायचं.” “बरं,” मी म्हटलं आणि बूट न घालता मोज्यांवरच अंगण ओलांडून सौनात गेले. “आजोबा, पलंगाचं ते टोक धरा.” पलंग सौनाच्या दारात अडकला, तेव्हा कुरकुरत पेत्तेरीनेही हात लावला. रस्त्याकडच्या खोलीत भिंतीवरच्या पट्ट्याला पलंग बरोबर टेकला. बाहेर खिडकीसमोर मी तिवई घट्ट रोवली. एक ट्रक गेला आणि तावदान थरथरलं. आत आजोबा उशी ठोकत होते. “आठवडाभर इथे झोपावं लागेल, आजोबा. झोप लागेल ना?” “कशी लागेल?” ते म्हणाले. “तेच मोजायला आलीयस ना?”