शेवटचा पट्टा

ज्याला उड्डाण नाही, त्याने जाणाऱ्यांचे पट्टे आवळायचे, अशी अवकाश केंद्रातली पद्धत. म्हणून ती अंग चोरून यानात शिरली होती आणि नव्या कमांडरवर ओणवी होऊन त्याला खुर्चीशी बांधत होती. गेल्या हिवाळ्यापर्यंत ही खुर्ची तिची होती.

मागच्या दोघांनी कानांवर हेडफोन चढवले होते. ते आपापली बटणं तपासत होते. कमांडरने आवंढा गिळला. पुन्हा गिळला. जबडा एका बाजूला फिरवून पाहिला.

"कानाला दडा बसलाय?" तिने हळूच विचारलं.

"थोडासा. वर गेल्यावर सुटेल."

"नाहीतर पडदा फाटेल."

"ताई, आज नको. आवळा तुम्ही."

तिचे हात थांबले. "कधीपासून?"

"परवापासून." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "तुम्ही डोळ्याच्या त्रासाचं आपणहून सांगितलंत. कुणाला पत्ताही लागला नसता. काय मिळालं? आमचे पट्टे आवळताय."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. तिने माइकच्या बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"शेवटचा पट्टा राहिलाय," ती म्हणाली. "तो आवळून झाला की मी खाली नियंत्रण कक्षाला कळवणार. पण तुझ्याऐवजी मी कळवलं, तर हे दोघे पुन्हा कधी तुझ्यामागे बसणार नाहीत."

ती सावकाश पट्टा ओढू लागली. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या मुलीने त्याच्या खांद्यावर थाप मारली. आपलं सगळं ठीक, अशी ती खूण. उत्तरादाखल त्याने अंगठा वर करायचा होता.

त्याचा हात उठला आणि माइककडे वळला.

"कमांडर बोलतोय. माझ्या कानाला दडा बसलाय. परवापासून."

पलीकडून आवाज आला, "ठीक आहे. उतरा सगळे."

बांधले होते त्याच्या उलट क्रमाने तिने पट्टे सोडवले.

लिफ्टमध्ये चौघांची जागा होती. मागचे दोघे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो नंतर."

दार लागलं. लिफ्ट उतरू लागली.

"त्या दिवशी, डोळ्याचं सांगितल्यावर, घरी जाऊन काय केलंत?" त्याने विचारलं.

"भांडी घासली."

लिफ्ट तळाशी थांबली तेव्हा ती म्हणाली, "घासलेलीच होती."