डब्यातलं हसणं

धरमपेठेतल्या दवाखान्यात रेकॉर्डर आला आणि डॉक्टर रोग्याची माहिती लिहायची सोडून त्यात बोलू लागले. पुष्पलता ती ऐकून टाइप करी. सुरुवातीला डॉक्टर बटण बंद करायला विसरत, रोग्यांचं बोलणंही टेपवर उतरे. तशीच कुही गावची गोपिका उतरली होती: "डॉक्टरसाहेब, डब्यासंगं काहून बोलून राहिले?" आणि खळखळून हसणं. डॉक्टरांनी नवराबायकोला ते ऐकवलंही होतं. आज नवरा एकटाच आला. "बाई, गोपिका गेली. फोटोबी नाही माह्यापाशी. तिचं हासणं तेवढं ऐकवा." टाइप झालं की त्याच टेपवर पुढचे रोगी चढत, गोपिका कधीच पुसली गेली होती. सांगायला पुष्पलताची जीभ रेटेना, तिनं टेप लावली. डॉक्टर आता बटण विसरत नव्हते. त्यांचाच आवाज रोग्यामागून रोगी सांगत गेला. "बसतो मी," तो बाकावर टेकला. "तिचा नंबर येईन आता."